वन्संची चाल

७ फेब्रुवारी

वन्सं,

पत्राच्या वर काय घालावं या विचारात दोन कागद फाडून झाले. 'तीर्थरूप' लिहावं एवढ्या तुम्ही पवित्र नाही. 'सप्रेम नमस्कार' लिहावा तर प्रेम शनिवारी संपलं, आणि नमस्कार मी तुम्हाला लांबूनच करते. तेव्हा नुसतं 'वन्सं'. नवऱ्याची बहीण आहात, ते काही मला खोडता येत नाही.

फोन करणार नाही. तुमचा तो शांत, समजूतदार आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. पत्र तुमच्या भावाच्या हाती देते. पाकीट चिकटवलंय, पण उघडं दिलं असतं तरी चाललं असतं. हे उघड्या चिठ्ठ्याही वाचत नाहीत, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

यांना बढती मिळाली म्हणून आम्ही चार माणसं घरी बोलावली. साहेब आले, साहेबांची बायको आली, मी नोकरी करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. भिंगरी नऊ वर्षांची झाली, आजवर कोणी आलं की मी तिला आतल्या खोलीत बसवायची आणि 'झोपलीय' म्हणून सांगायची. त्यावरून मला टोचून टोचून तुम्हीच बेजार केलंत. "मुलीला लपवू नका, वहिनी." नाही लपवली. नवा फ्रॉक घातला आणि सगळ्यांसमोर आणून उभी केली.

आणि माझी मुलगी गायली. बोलत नाही, आई म्हणत नाही, पाणी म्हणत नाही, पण तिला ते तीन सूर येतात. वरून खाली उतरणारे, शेवटचा लांबवलेला. तुमच्या शाळेतल्या संगीताच्या तासाला शिकली, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. होय, तुमचंच कौतुक करत होते, मेलं माझं नशीब. साहेबांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. "अजून एकदा!" तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा टाळ्या. माझ्या मुलीसाठी कोणी कधी टाळ्या वाजवल्या होत्या, वन्सं? आठवून सांगा.

तेवढ्यात तुम्ही पाण्याचा जग घेऊन स्वयंपाकघरातून आलात आणि ओरडलात, "बंद करा त्या टाळ्या! ती गात नाहीये. ती तुम्हाला निघा म्हणतेय, निघा!"

चारचौघांत. माझ्याच घरात. माझ्या मालकीणबाईंसमोर.

पुढे जे झालं त्याबद्दल मला लिहायचं नाही. तुम्ही ओरडलात म्हणून झालं, एवढंच म्हणते.

तुमचं ते संगीत मी शाळेच्या काचेतून पाहिलेलं आहे. मुलाने ढोलावर एक थाप मारली की तुम्ही एक मारायची, आणि झाला म्हणे संवाद. मूल किंचाळायला लागलं की तुम्हीही तितक्याच जोरात बडवायचं आणि मग हळूहळू कमी करायचं, की म्हणे ते शांत व्हायला शिकलं. आगीत तेल ओतून वर विझवायचा पगार घ्यायचा! दिवसाचा एक तास मूल सांभाळायचं आणि उरलेले तेवीस सांभाळणाऱ्या आईला अक्कल शिकवायची, याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

सोमवारपासून भिंगरी तुमच्या तासाला बसणार नाही. त्या वेळात ती चित्रकलेला जाईल. शाळेला कळवलंय.

तुमची
(कोणी नाही)

१३ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर मिळालं. मला वाटलं होतं माफी असेल. आहे काय, तर खुलासा!

तुम्ही लिहिता की ही चाल म्हणजे तुमच्या तासाच्या शेवटी वाजणारी निरोपाची चाल. भिंगरीने ती स्वतःहून उचलली आणि मध्येच, नको झालं की म्हणायला लागली: पुरे, आता थांबा, आता जा. आणि हे तुम्ही पालकांच्या मीटिंगमध्ये 'स्पष्ट सांगितलं होतं'. कोणाला? तर तुमच्या भावाला. त्या दिवशी माझी दुकानात पाळी होती म्हणून मी आले नाही, आणि तुम्ही निरोप ठेवलात कोणाजवळ, तर जो माणूस दूध आण म्हटलं तर 'कुठून?' विचारतो त्याच्याजवळ.

मी यांना समोर बसवलं.

"वन्सं त्या गाण्याबद्दल काय म्हणाल्या होत्या?"

"कुठलं गाणं?"

"अहो, भिंगरीला गाणी येतात तरी किती?"

"हां, ते होय! ताई म्हणाली, तिला निरोप द्यायला येतो आता."

"निरोप म्हणजे?"

"निरोप म्हणजे निरोप. टाटा. पाहुणे निघाले की म्हणायचं. मला वाटलं, छान आहे. तुला सांगितलं की मी."

सांगितलं होतं. खोटं का बोलू? "भिंगरीला पाहुण्यांसाठी गाणं शिकवलंय ताईने," असं सांगितलं होतं. तुमच्या तोंडातून निघालेला निरोप यांच्या कानात शिरला आणि माझ्यापर्यंत पोचेतो त्याचं स्वागतगीत झालं. यात माझा गुन्हा कुठला? चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तुम्हाला तरी सरळ 'जा म्हणायची चाल' असं म्हणायला काय झालं होतं? 'निरोप' म्हणे. सुशिक्षित माणसांना साध्या शब्दात काम होत असेल तर दोन अर्थांचा शोधून काढायची खोड असते.

चावल्याबद्दल तुम्ही लिहिलंय, तर लिहिते मीही. हो, भिंगरी साहेबांच्या बायकोच्या मनगटाला चावली. रक्त नाही आलं, वळ उठला. पण ती बाई तिची हनुवटी धरून "अजून एकदा म्हण ना ग, शोनू" करत होती, हे तुम्ही पाण्याचा जग घेऊन आलात तेव्हा पाहिलंत का? आणि मी मागून तिचे खांदे धरून उभी होते. पळून जाऊ नये म्हणून नाही. नीट उभी राहावी म्हणून.

असो. तुमचं एकटीचं संगीत नाही जगात. मी घरी एक गाण्याचे मास्तर लावलेत. ते म्हणतात, पोरीला सुराचं अंग आहे, शिकली तर नाव काढील. ते थापा मारत नाहीत आणि मारून घेतही नाहीत. कीबोर्डवर सरळ सूर वाजवतात. सूर तो सूर. त्याला जा आणि ये असे अर्थ नसतात.

२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही दोन वेळा चौकशी केलीत असं हे म्हणाले. भिंगरी मजेत आहे. शाळेत आता अगदी शांत असते, घरीही. सासूबाई तर खूश आहेत. "किती शहाणी झाली पोर," म्हणतात. तुमच्या आईंना शहाणं मूल म्हणजे काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही कधी झाला नाहीत.

नखं कापू देते. केस विंचरू देते. पूर्वी विंचरायला बसले की आजूबाजूची घरं गोळा व्हायची. आता बसते, समोर बघते. मास्तर सूर वाजवतात, ती त्यांच्या बोटांकडे बघते. मास्तर म्हणाले, तोंड उघडायला थोडा वेळ लागेल.

मलाही आधी बरंच वाटलं. म्हटलं, बघा म्हणावं, तुमच्याशिवाय शांत झाली.

हे सगळं फाडून टाकून पुन्हा लिहावं असं वाटतंय, पण मग पाठवायचं धैर्य होणार नाही. तर सरळ लिहिते. त्या शनिवारपासून तिने ती चाल म्हटलेली नाही. ती नाही आणि दुसरीही कुठली नाही. पूर्वी घरभर हं हं करत हिंडायची, डब्यांची झाकणं गरागरा फिरवायची, आपणच त्यावरून तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता झाकण हातात दिलं तर धरून बसते.

काल तिला आंघोळ घालताना कानामागे हात लागला आणि बोटाला ओलं लागलं. तिच्या चष्म्याची काडी रुतून तिथे जखम झाली होती. आजची नाही, कालची नाही. कातडी गेली होती. नवी फ्रेम मागच्या आठवड्यात मीच आणली, मीच काडी गरम करून वाकवली, मीच बसवली. दिवसभर मी हेच करते, वन्सं. गिऱ्हाईक "ठीक आहे, बसतोय" म्हणतं आणि मला त्याच्या भुवईवरून कळतं की नाकावर टोचतंय. हजारो परक्या माणसांची नाकं-कान मला वाचता येतात. माझ्या मुलीच्या कानामागे खड्डा पडेपर्यंत मला कळलं नाही, कारण ती ओरडली नाही. हात लावला तरी ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. साबण लागला असेल, किती झोंबलं असेल, आणि ती नुसती बघत राहिली.

मला भीती वाटते. तुम्हाला सांगायची लाज वाटते पण सांगायला दुसरं कोणी नाही. आज ही माझी काडी होती. उद्या दुसऱ्या कोणाचा हात असेल. शाळेच्या गाडीत, दवाखान्यात, कुठेही. आम्ही किती दिवस पुरणार? 'नको' म्हणायचं तिच्याकडे ते एकच होतं, आणि तिने ते म्हटलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मोठ्याने म्हटलं तेव्हा अजून मोठ्या वाजवल्या. मी तिच्या जागी असते तर मीही सोडून दिलं असतं.

मास्तरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बिचारे म्हणाले, सुराचं अंग होतं.

मला ती चाल तिला परत द्यायची आहे. कशी, ते लिहून पाठवा. ही विनंती नाही. ते तिचं आहे आणि तुम्हाला माहीत आहे, तेव्हा मी मागतेय. उपदेश नको.

४ मार्च

वन्सं,

उपदेश नको म्हटलं होतं. तरी शेवटी दोन वाक्यं घातलीतच. स्वभावाला औषध नाही.

बाकीचं मात्र वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणता, तुम्ही तिला काहीच शिकवलं नाही. पहिल्यांदा तिने तासाच्या मध्येच ती चाल म्हटली, तेव्हा तुम्ही वाजवणं थांबवलं आणि खोलीबाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटली, पुन्हा गेलात. दर वेळी गेलात. एवढंच काय ते केलं. आणि आता आम्ही तिला शिकवायला बसायचं नाही, तर घरातल्या सगळ्यांनी ती चाल एकमेकांना म्हणायची, आणि ज्याला म्हटली त्याने खरोखर थांबायचं. चिडून नाही, हसून नाही. थांबायचं. ती बघेल.

तुम्हाला हे घर माहीत आहे ना? याच घरात वाढलात ना? इथे पुरे म्हटलं की वाढतात. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या कडेने घालतात. या घरात 'पुरे' म्हणजे 'आग्रह करा' असा अर्थ आहे, आणि तुम्ही म्हणता थांबा!

तरी केलं. जेवताना हे ऑफिसातलं सांगत होते, तेच ते, पूर्वीच्या साहेबाचं. मी सासूबाईंना खूण केली. सासूबाईंनी घसा साफ केला आणि म्हटली चाल. बेसूर, पण म्हटली. हे बोलतच राहिले.

"अहो, तुम्हाला म्हणतायत त्या," मी म्हटलं.

"काय?"

"चाल!"

"हो, पण माझं वाक्य..."

"वाक्य गिळा."

गिळलं. घोट घेतल्यासारखं तोंड केलं, पण गिळलं. सासूबाईंना मग चटकच लागली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्यालाही म्हणत होत्या. परवा चादरीची घडी कशी घालावी हे त्या मला समजावायला लागल्या, आणि मी त्यांना म्हटली. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदा. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. उठल्या, बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. पण उठल्या, वन्सं. थांबल्या. दारात भिंगरी उभी होती. तिने त्यांना जाताना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या बाहेरच्या खुर्चीकडे.

आवाज मात्र नाही.

आणि एक. काल ती भडकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कशावरून कोण जाणे, टेबल बडवायला लागली, किंचाळायला लागली. मला आधी आनंदच झाला, वेडीसारखा. मग तुमचं ते आठवलं, आणि मी पिठाचा डबा पालथा घातला आणि तिच्याइतक्याच जोरात बडवायला लागले. शेजारीण आली, मी तिला हातानेच जा म्हटलं. ती जोरात, मी जोरात. मग मी जरा सावकाश केलं. ती नाही झाली. मी परत तिच्याबरोबर गेले, परत सावकाश केलं. हाताला फोड यायची वेळ आली. शेवटी तिची थाप माझ्या थापेवर येऊन बसली, आणि आम्ही दोघी हळू हळू हळू होत गेलो.

योगायोग असेल. पाठ थोपटून घेऊ नका.

१२ मार्च

वन्सं,

हे पत्र मी पॅसेजमध्ये उभी राहून लिहितेय, चपलांच्या कपाटावर कागद ठेवून. अक्षर वाईट आलं तर समजून घ्या, नाहीतर घेऊ नका.

दुपारी दुकानातून आले. भिंगरीची आंघोळ झाली होती, मी टॉवेलने तिचे केस पुसत होते. घाईत होते, जोरात पुसत होते, डोक्यात दुकानातलं भांडण चाललेलं. आणि माझ्या हाताखालून, टॉवेलच्या आतून आवाज आला. हं. मग दुसरा, त्याच्या खालचा. तिसरा आलाच नाही. दोनच सूर, घोगरे, कितीतरी दिवस बंद असलेल्या नळातून पाणी यावं तसे.

मी टॉवेल तिच्या चेहऱ्यावरून काढला. आणि मी काय केलं ते तुम्हालाच सांगते, कारण तुमच्याइतकं माझं वाईट ऐकायची हौस दुसऱ्या कोणाला नाही. माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा! पुन्हा म्हण ग, राणी!" आणि माझे हात टाळीसाठी वर गेले.

सगळं कळून. जखमेवर रोज मलम लावून. तरी हात वर गेलेच.

ते हवेतच राहिले. तिने ते पाहिले. तोंड मिटलं, डोळे साहेबांच्या बायकोकडे बघताना झाले होते तसे झाले. मी हात खाली घेतले. मला वाटलं, गेलं, आता पुन्हा येणार नाही, मी स्वतःच्या हाताने घालवलं. मी काही बोलले नाही. पहिल्यांदा आयुष्यात मी काही बोलले नाही.

मग तिने म्हटली. पूर्ण. तिन्ही सूर, शेवटचा लांबवून, थेट माझ्या तोंडाकडे बघून.

नऊ वर्षं मी तिच्यासमोर बसून 'आ ई, आ ई' केलंय. आरशात करून दाखवलंय, साखर लावून करून दाखवलंय. वाटायचं, एकदा तरी. आणि तिने मला उद्देशून काही म्हटलं, आणि मला ते समजलं, असं आज पहिल्यांदा झालं. ती म्हणाली, जा.

मी गेले. टॉवेल तिथेच टाकला आणि बाहेर आले. केस ओलेच आहेत तिचे, सर्दी होईल, होऊ दे. दार तिने आतून लोटून घेतलं. सासूबाई बघायला निघाल्या होत्या, त्यांना मी अडवलं. आत झाकण फिरतंय, मला ऐकू येतंय. तेही थांबतं, मग पुन्हा फिरतं. ती हं हं करतेय. ते माझ्यासाठी नाही.

सोमवारपासून तिला तुमच्या तासाला पाठवते. शाळेला मी कळवीन, तुम्ही कळवू नका. शाळेच्या फाटकाशी भेटलात तर हसू नका, 'बघा वहिनी' म्हणू नका. तुमचं माझं जसं आहे तसंच राहील. त्या शनिवारी तुम्ही मला बाजूला घेऊन कानात सांगू शकला असतात, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी अजून इथेच उभी आहे. आत जायचं नाही हे कळतं. कधी जायचं, ते कोणी सांगत नाही. तिच्याकडे 'ये' म्हणायची चाल आहे का, वन्सं? असेल तर लिहा. पण तुम्हाला ती कधी म्हटली असेल, तर मला सांगू नका.